डाव्या हाताने दिलेला गूळ

"तुमचं दुखणं खरं आहे," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी रडलो. आजाराचं नाव त्यांनी त्यानंतर सांगितलं.

शाहूपुरीतल्या एका ट्रस्टचा तो दवाखाना. दुसऱ्या मजल्यावर दर गुरुवारी पेन ओपीडी असते. पेन ओपीडी म्हणजे महिनोन्‌महिने न थांबणाऱ्या वेदनेवर उपचार करणारा विभाग. असा काही विभाग असतो हेच मला माहीत नव्हतं. माझं मनगट मोडून तेव्हा सात महिने झाले होते. तोवर पाच डॉक्टर झाले होते आणि पाचही जणांनी एक्स-रे खिडकीकडे धरून "हाड मस्त जुळलंय" म्हणून सांगितलं होतं.

मॅडमनी एक्स-रे बाजूला ठेवला. "हात लावू का?" असं विचारलं. सात महिन्यांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मग त्यांनी कापसाचा बोळा माझ्या उजव्या मनगटावरून फिरवला आणि मी खुर्चीसकट मागे सरकलो. त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी टेबलावर ठेवायला सांगितले. डावा हात माझा दिसत होता. उजवा सुजलेला, जांभळट, चकचकीत आणि घामाने ओला. दोन हात एकाच माणसाचे वाटत नव्हते.

"याला कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम म्हणतात. थोडक्यात सीआरपीएस. तुम्ही शिक्षक आहात ना? असं समजा, शाळा कधीच सुटली, पण शिपाई घंटा वाजवायचं थांबायलाच तयार नाही. हाड बरं झालं. मज्जातंतू मात्र अजून 'मोडलंय, मोडलंय' असा निरोप मेंदूला पाठवत बसलेत."

माझ्याबरोबर माझे वडील होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांनी विचारलं, "मंजी हाड आता मोडल्यालं न्हाय?"

"नाही आबा. हाड चांगलं आहे."

"मग दुखतंय कसं?"

"तोच आजार आहे, आबा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टोपीकडे. मी डोळे पुसत होतो, डाव्या हाताने.

हे सगळं मी लिहितोय ते मला आजार झाला म्हणून नाही. आजार अनेकांना होतो. त्यानंतर मी एक चूक केली, ती लिहायची आहे. माझ्यासारख्या घरातून आलेला माणूस ती चूक हमखास करतो.

सुरुवात साधी होती. मी मलकापूरजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नोकरीचं दुसरं वर्ष सुरू होतं. तिसरं पूर्ण झालं की संस्था कायम करणार होती. एका सकाळी शाळेला जाताना मोटरसायकल रस्त्यावरच्या खडीवरून घसरली आणि मी उजव्या तळहातावर पडलो. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

दुखायचंच, असं सगळे म्हणत होते. पण प्लास्टरच्या आत मोडल्यासारखं दुखत नव्हतं, भाजल्यासारखं होत होतं. गुऱ्हाळातल्या उकळत्या काहिलीत हात धरलाय आणि कुणी तो बाहेर काढू देत नाही, असं. मी तक्रार केली तेव्हा प्लास्टर करणारे डॉक्टर हसले. "शिक्षक माणूस, आणि एवढं नाजूक?" म्हणाले. मीही हसलो.

प्लास्टर निघालं आणि जळणं वाढलं. शर्टाची बाही सहन होईना. पंख्याचा वारा सहन होईना. एसटीत कुणाची पिशवी घासून गेली की पुढचे दोन तास डोळ्यांसमोर काही दिसत नसे. याला अ‍ॅलोडीनिया म्हणतात हे मला नंतर कळलं. ज्या स्पर्शाने एरवी काहीच होत नाही, त्या स्पर्शानेही दुखणं, असा त्याचा अर्थ. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की मला वाऱ्याची भीती वाटते, आणि ही गोष्ट गावात कुणाला सांगता येण्यासारखी नाही.

तरी गावाला दिसत होतंच. पारावरून हाक यायची, "काय मास्तर, हात अजून छातीशी? बारकं पोरगं निजवलंय काय त्यात?" सगळे हसायचे. त्यांच्यात वाईट कुणी नव्हतं. आमच्याकडे बोलण्याची रीतच तशी. पण हळूहळू मी त्या वाटेने जाणं सोडलं.

घरात आबा गप्प असायचे. ते गप्प बसण्यापेक्षा बोललेले बरे, असं वाटायचं. एकदा बोलले. मी जेवताना डाव्या हाताने भाकरी मोडत होतो. आबा म्हणाले, "मला बी पायावर बैलगाडीचं चाक गेल्तं. तिसऱ्या दिवशी वैरण काढलो मी." एवढंच. मी डाव्या हातातला घास ताटात ठेवला आणि उठलो.

एक गोष्ट लिहू की नको, असं बरेच दिवस वाटत होतं. लिहितो. आमच्या गोठ्यात वैरण कापायचं कडबाकुट्टीचं यंत्र आहे. एका दुपारी मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. कोपरापासून खालचा हात नसला तर काय होईल, असा हिशोबी विचार मी करत होतो. आबांनी बाहेरून हाक मारली, "दत्ता, दोर आण रं," म्हणून मी दोर घेऊन बाहेर गेलो. पुढे मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की हा आजार असलेले पुष्कळ जण "हात कापून टाका" अशी विनवणी करतात. पण हात कापला तरी वेदना जाईलच असं नाही, कारण ती फक्त हातात राहिलेली नसते. तुम्ही जर असे कुठल्या यंत्रासमोर किंवा विहिरीपाशी उभे राहिला असाल, तर आज कुणाला तरी सांगा. मी दोन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तर उपचार सुरू झाले. मज्जातंतू शांत करणाऱ्या गोळ्या. त्यांनी पहिले पंधरा दिवस डोकं जड व्हायचं. मिरर थेरपी, म्हणजे आरशापुढे डावा हात हलवायचा, आरशात तो उजव्यासारखा दिसतो, आणि उजवा न दुखता हलतोय असं मेंदूला शिकवायचं. डिसेन्सिटायझेशन, म्हणजे त्वचेला स्पर्शाची परत सवय लावायची. आधी कापूस, मग जुनं मऊ धोतर, मग टॉवेल. धोतरापर्यंत यायला मला अडीच महिने लागले. दोनदा स्टेलेट गँग्लियन ब्लॉक दिला. मानेत मज्जातंतूंची एक गाठ असते, तिच्यापाशी इंजेक्शन देतात. ते दिल्यावर काही तास डोळ्याची पापणी खाली उतरते, घाबरायचं नाही. पहिल्या इंजेक्शननंतर नऊ दिवस मला हात असल्याचं विसरता आलं. दहाव्या दिवशी जळणं परत आलं.

मॅडमचे माझ्यावर उपकार होते. त्यांनी मला खोटं ठरवलं नव्हतं. मलकापूरहून येणारी एसटी उशिरा पोचली तर त्या ओपीडी संपली तरी थांबत. आणि इथेच माझी चूक सुरू होते.

आमच्या घरात एक वळण होतं. मोठ्या माणसाने विचारलं, "काय, कसं काय?" की सांगायचं, "बरं हाय, तुमच्या कृपेनं." मला हायस्कूलच्या वसतिगृहात घेतलं तेव्हा आबांनी मला रेक्टरांसमोर उभं करून हे शिकवलं होतं. जेवण कसं आहे विचारलं, बरं हाय. अंथरूण पुरतं का, बरं हाय. "ज्यानं आपल्याला हात दिला, त्याच्याम्होरं तोंड पाडून हुबं ऱ्हायाचं न्हाय," असं आबा म्हणत. मी सगळं शिक्षण या एका उत्तरावर केलं. ते वाईट उत्तर होतं असंही मी म्हणणार नाही.

मॅडम दर खेपेला विचारत, "दत्तात्रय, आता कसं वाटतंय?"

"बरं आहे मॅडम."

"शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन न होण्याइतकं. आज किती?"

त्याला पेन स्कोअर म्हणतात. वेदनेला रुग्णाने स्वतःच द्यायचा आकडा. माझ्या मनात आठ असायचे. तोंडातून तीन निघायचे. कधी दोन. बाहेर एवढी माणसं खोळंबलीत, मॅडम सकाळपासून बसल्यात, एवढं करतायत आपल्यासाठी. त्यांना आठ कसे सांगायचे? मला ते त्यांच्या तोंडावर त्यांचंच औषध फेकल्यासारखं वाटायचं. मॅडम मान हलवायच्या, केसपेपरवर इंग्रजीत काहीतरी लिहायच्या. मी नमस्कार करून बाहेर यायचो आणि जिन्याजवळच्या बाकावर हात मांडीवर घेऊन बसायचो.

त्या बाकावर मला मालूताई भेटल्या. पहिल्याच दिवशी वरून आवाज आला, "पावणं, सरका की जरा!" मी सरकायच्या आत त्या टेकल्या आणि त्यांची पिशवी माझ्या हाताला लागली. मी ओरडलो. त्या माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या, "आगं बया! मी काय चावतो व्हय?" मग माझा हात बघितला आणि पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. "तुमचा हात व्हय. माझी बरगडी हाय," म्हणाल्या.

मालूताई मंगळवार पेठेतल्या. साठीच्या. त्यांना नागीण झाली होती. फोड सुकून वर्ष झालं, तरी त्या जागची आग गेली नव्हती. याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नागिणीच्या फोडांनी मज्जातंतू दुखावतात आणि ते दुखणं मागे राहतं. त्या बाजूला त्यांना कापड सोसत नसे, म्हणून साडीवर मुलाचा ढगळ शर्ट घालून येत. "नागीण उतरवून बी घेतली तिघांकडनं. ती उतरती, आन माझ्या बरगडीवर शेपूट इसरून जाती," असं सांगून त्या स्वतःच हसायच्या आणि हसल्याने बरगडी दुखली की शिवी द्यायच्या.

पहिल्या वर्षी हंगाम सुरू झाला तसा मामाच्या गावच्या गुऱ्हाळातून गूळ आला. आबा म्हणाले, "मॅडमना एक रवा द्यायचा." रवा म्हणजे गुळाची गोल ढेप. पाच किलोची होती, कापडात बांधलेली. आबा सोबत आले. एसटीतून त्यांनीच ती मांडीवर आणली. पण दारापाशी आल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "तू दे. उपकार तुझ्यावर हाईत."

मला माहीत होतं काय होणार ते. डाव्या एका हाताने पाच किलो धरून पुढे करता आलं असतं, कसंबसं. पण मोठ्या माणसाला डाव्या हाताने काही द्यायचं? गुरूला, डॉक्टरला? ते माझ्या मनातही आलं नाही. मी दोन्ही हात खाली घातले, ढेप उचलली आणि टेबलापर्यंत चार पावलं चालत गेलो. चेहऱ्यावर हसू ठेवलं.

मॅडम उभ्या राहिल्या. "अहो, हे कशाला? पण अरे वा! उजवा हात वापरलात तुम्ही!" त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यांनी बसून लगेच लिहिलं. त्या दिवशी मी पेन स्कोअर दोन सांगितला.

पुढचे चार दिवस मी शाळेत गेलो नाही. हात कोपरापर्यंत सुजला. कापसापासून सगळं परत सुरू करावं लागलं. मॅडमना मी हे कळवलं नाही.

दरम्यान शाळेत माझं तिसरं वर्ष संपत आलं होतं. फळ्यावर लिहिणं, प्रयोगशाळेत काचेची भांडी धरणं, पेपर तपासणं, हे मला जमत नव्हतं. मी डाव्या हाताने लिहायला शिकत होतो, पण दोन ओळींत तास संपायचा. मी संस्थेकडे अर्ज केला: मला शिकवू द्या, फक्त लिखाणाच्या आणि प्रयोगाच्या कामात काही काळ सवलत द्या. शिकवणं मला येत होतं. तोंडाने, चित्रांनी, मुलांकडून फळ्यावर लिहून घेऊन. संस्थेने तिघांची समिती नेमली, त्यात संस्थेच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांनी उपचारांचे सगळे कागद मागवले. मी मोठ्या भरवशाने फाइल दिली. त्या कागदांत माझं दुखणं लिहिलेलं आहे, असं मला वाटत होतं.

समितीतल्या डॉक्टरांनी एकेक पान मराठीत करून वाचून दाखवलं. सुधारणा आहे. रुग्ण बरं वाटत असल्याचं सांगतो. वेदना तीन. बरं वाटतं. वेदना दोन. बरं वाटतं. आणि मग ते एका पानावर थांबले. "उजव्या हाताचा वापर करून अंदाजे पाच किलो वजन विनातक्रार उचलले."

संस्थेच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. मला नोकरी त्यांनीच दिली होती. "सर," ते म्हणाले, "आता मला सांगा, कागद खोटा आहे की तुम्ही?"

मी उभा होतो. सांगायला पुष्कळ होतं. पण ज्यांनी नोकरी दिली ते विचारत होते, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "कागद खरा आहे, साहेब."

सोमवारपासून पूर्ण वेळापत्रक घ्यायचं, नाहीतर राजीनामा, असं ठरलं.

त्या गुरुवारी मी आत मॅडमना भेटून "बरं आहे" म्हणालो, औषधं लिहून घेतली, आणि बाहेर बाकावर बसून रडलो. मालूताईंचा नंबर माझ्यानंतर होता. दार उघडं होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मास्तर, आत काय म्हणाला?"

"काही नाही."

"बरं हाय म्हणाला. मी ऐकलं की! आन भायर येऊन ढसाढसा रडताय. त्या बाईनं कुठनं वळकायचं? ती काय देवरुषी हाय?"

मी समितीचं सगळं सांगितलं. गुळाचंही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही विनोद केला नाही. मग म्हणाल्या, "उठा. चला परत आत."

"नंबर तुमचा आहे, ताई."

"माझाच हाय. मी तुमास्नी देतो. उठा, न्हायतर तोच हात धरून उठवीन."

आम्ही आत गेलो. मालूताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, मी पळून जाईन अशा. मला कसं सुरू करायचं कळेना. शेवटी मी जमिनीकडे बघून म्हणालो, "मॅडम, बरं नाही. कधीच नव्हतं. आठ आहे. गुळाच्या दिवशीही आठ होतं. त्यानंतर चार दिवस दहा होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ त्या केसपेपर चाळत होत्या, स्वतःचंच अक्षर वाचत. मला वाटलं, रागावल्या. त्या म्हणाल्या, "दत्तात्रय, मी तुमच्या गोळ्यांचा डोस दोनदा कमी केला. तुम्ही बरं आहे म्हणालात म्हणून. तिसरा ब्लॉक द्यायचा होता, तो दिला नाही. त्याच कारणाने." मग पुढे म्हणाल्या, "आणि मी एकदाही विचारलं नाही, की झोपता कसे, शर्ट कसा घालता, फळ्यावर लिहिता का. माझंही चुकलं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी माझ्या हाताने माझंच औषध कमी केलं होतं, आणि हा आजार जितका लवकर धरावा तितका बरा होतो, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते महिने परत मिळणार नव्हते.

त्यांनी नवीन कागद घेतला आणि मी सांगेन ते मराठीत, माझ्याच शब्दांत लिहिलं. उजवा हात भाजल्यासारखा जळतो. पांघरूण सहन होत नाही. खडू धरून तीन ओळींपलीकडे लिहिता येत नाही. वस्तू उचलली तर चार दिवस सूज राहते. खाली सही, शिक्का. सोबत संस्थेला एक पत्र.

संस्थेने पत्र विचारात घेतलं नाही. निर्णयानंतर आलेला कागद, एवढाच शेरा मारला. मी सोमवार ते गुरुवार पूर्ण वेळापत्रक घेऊन पाहिलं. गुरुवारी आठवीच्या वर्गात खडू हातातून पडला आणि मीही पडलो. शुक्रवारी राजीनामा दिला. त्यावर सही डाव्या हाताने केली आहे, वाकडी.

आज मी मलकापुरात एका अभ्यासवर्गात तोंडी शिकवतो. सीआरपीएस गेलेला नाही. चांगल्या दिवशी चार, वाईट दिवशी सात. हे आकडे आता खरे आहेत. तिसरा ब्लॉक मिळाला, टॉवेलपर्यंत मी पोचलो, पूर्ण बाहीचा शर्ट घालतो. मॅडम म्हणतात, एवढ्यावर थांबेल कदाचित. ऐकून मी मान हलवतो.

गुरुवारी मी अजून शाहूपुरीला जातो. माझा नंबर नसला तरी जातो. त्या बाकावर आम्ही सात-आठ जण जमतो. संघटना वगैरे काही नाही, पाटी नाही. नवीन माणूस आला की आम्ही त्याला आत जायच्या आधी विचारतो: आत काय सांगणार? बहुतेक जण सांगतात, "काय सांगायचं, बरंच म्हणायचं." मग आम्ही बसून कागदावर लिहून काढतो. काय करता येत नाही ते. आकडा नंतर. चूल पेटवायला वाकता येत नाही. दुधाची किटली उचलता येत नाही. सायकलवरून उतरता येत नाही. तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवायचा. बोलणं जमलं नाही तर कागद बोलतो. ज्याला एकट्याने आत जायची भीती वाटते त्याच्याबरोबर आमच्यातलं कुणीतरी जातं, काही न बोलता मागे उभं राहतं. कुणाच्या मालकाला, कुणाच्या शाळेला, कुणाच्या सासरला पत्र लागतं. त्याचा कच्चा मसुदा मी सांगतो आणि दुसरं कुणी लिहितं. निम्म्या पत्रांना उत्तर येत नाही. तरीही लिहितो, निदान ती वेळेत पोचलेली असतात.

हे सगळं सोपं आहे, असं मात्र समजू नका. गेल्या महिन्यात मालूताईंबरोबर त्यांची सून आली होती. मी दाराजवळ होतो. मॅडमनी विचारलं आणि आमच्या मालूताई, ज्यांनी मला मानगूट धरून आत नेलं होतं, त्या म्हणाल्या, "बरं हाय की आता." बाहेर आल्यावर मी नुसतं बघितलं. सून औषधं आणायला खाली गेली तशी त्या म्हणाल्या, "बगू नका तसं. तिच्याम्होरं कसं सांगू? म्हणंल, म्हातारी काम चुकवती. मला त्याच घरात ऱ्हायाचंय, मास्तर." त्यांनी शर्टाची कड बरगडीपासून लांब धरली होती. पुढच्या गुरुवारी त्या एकट्या आल्या आणि नऊ सांगितले.

माझ्या घरीही तेच होतं. त्या दिवशी मी मॅडमसमोर "बरं नाही" म्हणालो, हे आबांना कळलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. "एवढं केलं त्या बाईनं. आन तू तिच्या तोंडावर न्हाय म्हणालास?" नोकरी गेली याचं त्यांना दुःख होतं, पण या बोलण्याची त्यांना लाज वाटत होती. मी समजावलं नाही. त्यांनी मला जे दिलं होतं त्यावरच मी शिकलो होतो.

यंदा पुन्हा गूळ आला. आबा एक दिवस म्हणाले, "मॅडमना द्यायचा न्हवं?" मी म्हणालो, "देऊ." यावेळी त्यांनी एक किलोचा छोटा रवा निवडला.

गुरुवारी आम्ही दोघे गेलो. बाकावर मालूताई होत्या. "मास्तर, गूळ आणलाय? आज परत पैलवानकी करणार काय?" त्यांनी मोठ्याने विचारलं. सगळा बाक हसला. आबाही थोडे हसले असावेत, मी पाहिलं नाही.

दारापाशी आबांनी रवा माझ्यापुढे धरला. मी तो डाव्या हातात घेतला. उजवा हात छातीशी होता, तिथेच ठेवला. चार पावलं तीच होती. माझे कान तापले होते. एका हाताने, तोही डावा, मी तो मॅडमपुढे केला, आणि आता पाठीमागून आबा काय म्हणतील याची वाट बघत थांबलो.

आबांनी टोपी काढली होती. ते पुढे आले.

"मॅडम," ते म्हणाले, "डाव्या हातानं देतुया, राग मानू नका. उजवा दुखतुया त्येचा. लई दुखतुया."

मॅडमनी दोन्ही हात पुढे करून गूळ घेतला.